बास ऐकूच येत नाही, वॉट वाढवू का?

प्रश्न: दादा, आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीत नि लग्नात वाजवतो. माझा बास गिटारचा १०० वॉटचा काँबो (अँप नि स्पीकर एकाच पेटीत) घरी मस्त वाटतो, पण ड्रम-ढोलकी सुरू झाली की बास गायब. २०० वॉटचा घेऊ का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: नुसते वॉट बघून पैसे घालू नकोस रे, वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, कानाला थोडासाच फरक. आधी नॉब बघ. घरी एकट्याने वाजवताना बासचा नॉब फुल, मिड (मधले सूर) कमी केलं की गोड लागतं, पण बँडमध्ये तोच आवाज किक ड्रमखाली गाडला जातो. सगळे नॉब मधोमध आण, जाड तार जोरात वाजव, क्लिपचा दिवा (सिग्नल जास्त झाला की पेटतो तो) जरासा लुकलुकेल इतकाच गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) दे, मग लो (म्हणजे बासचाच नॉब) थोडा कमी आणि ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास मिड वाढव. एकटं ऐकलं तर कडक वाटेल, वाटू दे, बँडमध्ये तोच आवाज सुटा ऐकू येतो. मंगल कार्यालयात काँबो कोपऱ्यात ठेवू नकोस, तिथं नुसती घुमघुम होते.

एवढं करूनही कमीच पडलं तर एक्स्टेंशन कॅबिनेट (जादा स्पीकरची वेगळी पेटी) जोड, माझं मत तरी हेच. काँबोच्या मागं किमान ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) लिहिलेले असतात ते आधी वाच. आतला स्पीकर ८ ओहमचा असेल तर बाहेरचाही ८ चा घे, दोन्ही मिळून ४ होतात, आणि किमान ४ लिहिलं असेल तर त्याच्या खाली अजिबात जायचं नाही, अँप जळतो. आणि जोडायला स्पीकर केबलच वापर, गिटारची नको, ती आतून बारीक असते, तापते.