इन्स्टावर ओळख झालेला मुलगा वाशीला मित्राच्या रूमवर भेटू म्हणतोय, कोणाला सांगू नको म्हणाला, जाऊ का? (११वी)

रूमवर अजिबात नको गं. आधी व्हिडिओ कॉल कर, दर वेळी कॅमेरा खराब आहे म्हणाला तर बोलणं तिथेच थांबव. भेटायचंच असेल तर दिवसा, सीवूड्सच्या मॉलमध्ये वगैरे गर्दीत भेट, मैत्रिणीला सोबत ने आणि घरी एकाला तरी खरं सांगून जा. "कोणाला सांगू नको" हेच मला सगळ्यात जास्त खटकलं, चांगला मित्र असं लपवायला लावत नाही. फोटो मागितला तर सरळ नाही म्हण, आणि आधीच पाठवला असशील नि तो धमकी देत असेल तर चूक तुझी नाही, पैसे देऊ नकोस, चॅट डिलीट न करता स्क्रीनशॉट काढून ठेव आणि १०९८ या चाइल्डलाइन हेल्पलाइनला फोन कर, १८ वर्षांखालच्यांसाठीच आहे तो नंबर, २४ तास चालू, फुकट.