पिशवीचं ऑपरेशन झालं, आता वावरात कधी जाऊ?

कापूस फुटला की माझ्याकडच्या चिठ्ठ्या वाढतात. विचारणाऱ्या बहुतेक जणींचं 'अंग बाहेर येण्याचं', म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्याचं, ऑपरेशन झालेलं असतं आणि घरात काम थांबलेलं असतं.

प्रश्न : ऑपरेशनला 5 आठवडे झाले. दुखत नाही. मजूर मिळत नाहीत, वेचायला जाऊ का? (आर्वी तालुका)

नको, ताई. दुखत नाही म्हणजे आत भरून आलं असं नाही. आतले टाके विरघळतात, त्यांच्या जागी शरीराची स्वतःची पकड तयार व्हायला साधारण 3 महिने जातात. बोंड हलकं असतं म्हणून वेचणी हलकी वाटते. पण कमरेची ओटी भरत जाते, ती घेऊनच दिवसभर वाकायचं आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर.

पाण्याचंही तेच. 15 लिटरच्या गुंडात नुसतं पाणीच 15 किलो. तो जमिनीवरून उचलताना तुम्ही काय करता आठवा : दम धरता, पोट कडक होतं, मग झटका. तो सगळा दाब टाक्यांवर उतरतो. पहिले 6 आठवडे छोट्या कळशीपेक्षा जड काही नको, 3 महिने गुंड आणि गाठोडं दुसऱ्या कुणीतरी उचलावं. पाणी बाईनंच भरावं असं मी तरी कुणाच्या चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाही.

थोडा तपकिरी स्राव काही आठवडे राहतो. मात्र ताप, घाण वास, भळाभळा रक्त, लघवी अडकणं किंवा एका पोटरीला सूज, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : नर्सताईंनी खालची जागा आवळायचा व्यायाम सांगितला. मी रोज लघवी मधेच अडवते. बरोबर ना?

स्नायू कोणता ते ओळखायला एकदा ठीक, रोज नको. त्यानं लघवी पूर्ण सुटत नाही. चारचौघांत वारा अडवताना जिथं आवळता, तीच जागा. आत आणि वर ओढा, 5 अंक मोजा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या आणि कुल्ले सैल, श्वास चालू. अनेक बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, हे तपासताना मला रोज दिसतं. त्यानं उलट नुकसान. अमेरिकन डॉक्टर आर्नॉल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला हा व्यायाम सर्जननं होकार दिल्यावरच सुरू करा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका.

प्रश्न : आईला शौचाला कुंथावं लागतं, उकिडवं बसवत नाही. (एक मुलगा, भंडारा जिल्हा)

कुंथणं गुंड उचलण्याइतकंच वाईट. आधी विचारा, ती पाणी पिते का? रात्री बाहेर जायला नको म्हणून बायका दुपारपासूनच पाणी तोडतात. कमोडची खुर्ची आणा, पायाखाली पाट द्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, पेरू चालू ठेवा. तरी कडक होत असेल तर शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून घ्या, मनानं जुलाब नको. चुलीच्या धुरानं खोकला येत असेल तर त्याचाही इलाज करा.

प्रश्न : पिशवी काढून दोन वर्षं झाली, पुन्हा काहीतरी उतरल्यासारखं वाटतं.

होऊ शकतं, त्यात तुमची चूक नाही. पिशवी गेली तरी मूत्राशय, गुदाशय किंवा योनीचा वरचा भाग खाली सरकू शकतो. तपासून घ्या. काहींना व्यायाम पुरतो, काहींना आत आधाराची रिंग बसवतात, काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं.

प्रश्न : घरचे विचारतात, जवळ कधी यायचं?

6 आठवडे नाही. त्यानंतरही तपासणी झाल्यावरच. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत आणा, मीच सांगते.