रजिस्ट्री क्लीनरने १,२८६ चुका दाखवल्या आहेत, 'फिक्स ऑल' दाबू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० असलेला घरचा जुना लॅपटॉप रेंगाळतोय, कुणाच्या तरी सांगण्यावरून फुकटचं रजिस्ट्री क्लीनर (रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, फालतू नोंदी काढणारा प्रोग्रॅम) टाकलंत, त्याने लाल अक्षरांत १,२८६ चुका दाखवल्या. आता 'फिक्स ऑल' दाबायचं का, आणि दाबायचंच तर काय काळजी घ्यायची?

आत्ता दाबू नका. आधी माझ्या काकांचं काय झालं ते ऐका.

काका साताऱ्याला घरूनच लग्नपत्रिकांचं डीटीपी करतात. तुळशीची लग्नं उरकली होती, कामं अंगावर आलेली, आणि रात्री साडेदहाला फोन: "अरे, माझं मराठी गेलं!" म्हणजे मराठी टायपिंगचं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. उघडलं की म्हणे, 'नोंदणी करा'. विकणाऱ्याचं दुकान कधीच बंद झालेलं, सीडीचा पत्ता नाही. दुपारी क्लीनर चालवून सगळं 'फिक्स' केलं होतं, हे त्यांनी फोनवर वीस मिनिटांनी सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर.

त्या सॉफ्टवेअरच्या काही फायली आणि फॉन्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे ई ड्राइव्हवर होते. क्लीनर चालवला तेव्हा ती डिस्क कपाटात होती. क्लीनरला काय कळतं? रजिस्ट्रीतली नोंद वाचायची, तिथे लिहिलेल्या जागी फाइल आहे का बघायचं, नसेल तर नोंद 'निराधार' ठरवायची. ती फाइल उद्या लागणार आहे का, डिस्क नुसती काढून ठेवलीय का, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. पेन ड्राइव्ह आणि नेटवर्क ड्राइव्हचंही तेच. तुमच्या १,२८६ मधल्या किती नोंदी अशा आहेत, हे यादी उघडल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही.

काका वाचले ते सवयीमुळे. पडद्यावर काहीही विचारलं की ते 'येस' दाबतात. क्लीनरने 'बॅकअप घेऊ का' विचारलं, त्यालाही 'येस' दाबलं होतं. डॉक्युमेंट्समध्ये डॉट रेग फाइल, म्हणजे उडवलेल्या नोंदींची प्रत, सापडली. मी ती आधी नोटपॅडमध्ये उघडायला लावली. पहिली ओळ 'विंडोज रजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००', आणि खाली चौकटी कंसांत एकेक नोंद, त्यात ई ड्राइव्हचे पत्ते. मग डिस्क जोडली, फाइलवर डबल क्लिक, 'येस', रीस्टार्ट. मराठी परत आलं. अशी फाइल उडवलेल्या नोंदी परत घालते, पण मधल्या काळात नव्याने आलेल्या नोंदी काढत नाही. म्हणून बिघाड दिसला की लगेच वापरा, महिनाभर थांबू नका.

आता त्या लाल आकड्याबद्दल. आकडा मोठा असतो तो तुम्ही घाबरावं म्हणून. अमेरिकेत २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांनी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेच्या तक्रारीवर मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून तडजोड केली. कमिशनचं म्हणणं असं होतं, की त्यांच्या 'तपासणी'त सुरुवातीला चार प्रश्न असत (कॉम्प्युटर हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का वगैरे) आणि त्यातल्या एकालाही खूण केली की मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं 'सापडत'. म्हणजे निकाल आधीच ठरलेला. सगळे क्लीनर असेच असतात असं नाही, पण 'चुका मोफत शोधा, दुरुस्तीला पैसे भरा' असं म्हणणारं काहीही मी त्याच दिवशी काढून टाकतो.

आणि वेग? रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि सगळ्या प्रोग्रॅमांच्या सेटिंगांची उतरंडीसारखी रचलेली वही. प्रोग्रॅमला हवी ती नोंद तो तिच्या पत्त्यावर जाऊन थेट काढतो, पहिल्या पानापासून चाळत बसत नाही. हजारभर फालतू नोंदी गेल्या तर काही किलोबाइट वाचतील, तुम्हाला फरक जाणवणार नाही. मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःचं 'रेगक्लीन' दिलं होतं, नंतर मागे घेतलं. आज त्यांची अधिकृत भूमिका अशी की रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, प्रसंगी विंडोज नव्याने टाकायची वेळ येऊ शकते.

तरीही वापरायचाच असेल, तर आधी परतीची वाट तयार करा. स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी खूण) शोधा, 'सिस्टिम प्रोटेक्शन' टॅबवर सी ड्राइव्हपुढे 'ऑन' आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ते बंदच असतं आणि लोकांना ते अपघातानंतर कळतं. चालू करा, 'क्रिएट' दाबा, ओळखू येईल असं नाव द्या. विंडोज स्वतः रजिस्ट्रीची प्रत ठेवतं, यावर विसंबू नका. पूर्वी 'रेगबॅक' फोल्डरमध्ये ती असायची, पण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते आपोआप होणं बंद झालं. फोल्डर दिसतो, आतल्या फायली शून्य किलोबाइटच्या. लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. विंडोज सुरूच झालं नाही, तर दुरुस्तीच्या पडद्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे त्याचा पासवर्ड त्या वेळी हमखास आठवत नाही.

मग बाहेरच्या सगळ्या डिस्का, पेन ड्राइव्ह, डाँगल जोडूनच स्कॅन करा. यादी पूर्ण वाचा. 'शेअर्ड डीएलएल', 'ॲक्टिव्हएक्स' किंवा 'कॉम', 'फॉन्ट', 'इन्स्टॉलर' या गटांच्या खुणा सरळ काढून टाका. इन्स्टॉलरच्या नोंदी गेल्या की पुढे एखादा प्रोग्रॅम ना अपडेट होतो, ना निघतो. ज्या प्रोग्रॅमचं नाव ओळखता आणि जो तुम्ही स्वतः काढलाय, तेवढ्याच नोंदींवर खूण ठेवा. पाच-दहा. बॅकअपला 'येस'. रीस्टार्ट करून दोन-तीन दिवस प्रिंटर, स्कॅनर, बँकेचं काम, सगळं वापरून बघा. बारा महिने चालणारं 'ऑटो क्लीन' मात्र चुकूनही चालू ठेवू नका.

क्लीनर कुठून उतरवता तेही बघा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ आवृत्ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरूनच मालवेअरसह वाटली गेली होती, सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरांवर ती पोहोचली.

लॅपटॉप सुरू करताना 'अमुक फाइल सापडली नाही' अशी चौकट येत असेल, तर त्याला क्लीनर लागत नाही. मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन आहे. फाइल नसलेल्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात. त्या डिलीट करू नका, नुसती डावीकडची खूण काढा. नोंद बाजूला ठेवली जाते, गरज पडली तर पुन्हा खूण केली की झालं. मला विचाराल तर अख्ख्या विषयात शहाणपणाने बनवलेलं हेच एक साधन. अर्धवट निघालेल्या अँटिव्हायरससाठी त्या त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, तेच वापरा.

तुमचा लॅपटॉप रेंगाळतोय त्याचं कारण बहुधा दुसरीकडे आहे. टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही डिस्क सारखी १०० टक्क्यांवर दिसते का? जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, वेगवान डिस्क) घाला. रॅम ४ जीबी असेल तर वाढवता येते का बघा, 'स्टार्टअप'मधली नको ती मंडळी बंद करा, सी ड्राइव्ह थोडा रिकामा करा.

काकांच्या मशीनला शेवटी एसएसडीच घातली. क्लीनर त्यांनी स्वतःच काढून टाकला आणि मला म्हणाले, "आता याची काही घाण मागे राहिली का बघ." पाहिलं तर त्याच्याच दोन नोंदी रजिस्ट्रीत तशाच होत्या. अजूनही आहेत.