1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनचे, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या आधुनिक काळातल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे, सामने कव्हर करणाऱ्या कृष्णवर्णीय स्तंभलेखकांना प्रेस बॉक्समध्ये (मैदानावरच्या पत्रकारांच्या जागेत) का घेत नसत?
कारण प्रेस बॉक्सवर बेसबॉल लेखकांच्या संघटनेचा ताबा होता आणि तिचं सदस्यत्व दैनिकांच्या पत्रकारांनाच मिळे. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं बहुतेक साप्ताहिकं, त्यामुळे ‘पिट्सबर्ग कुरिअर’चे वेंडेल स्मिथ आणि ‘बाल्टिमोर अफ्रो-अमेरिकन’चे सॅम लेसी बाहेर. मेजर लीगची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना उघडावीत म्हणून वर्षानुवर्षं लिहिणारे हेच दोघे. स्मिथनी तर रॉबिन्सनचं नाव ब्रूकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांना सुचवलं होतं! नियमात वंशाचा उल्लेख नव्हता, पण परिणाम वंशभेदाचाच, आणि तो मला अक्षम्य वाटतो. मात्र सगळेच गोरे पत्रकार गप्प नव्हते. न्यू ऑर्लिन्समध्ये लेसींना प्रेस बॉक्सच्या छपरावर बसावं लागलं, तेव्हा न्यूयॉर्कचे काही जण त्यांच्याशेजारी जाऊन बसले. 1948 मध्ये लेसींना सदस्यत्व मिळालं.