लंडन ते पॅरिस: विमानाचा वेळ कसा मोजावा

नकाशावर सरळ रेघ मारली तर लंडन-पॅरिस अंतर साधारण 344 किलोमीटर. रस्त्याने समुद्राखालच्या बोगद्यामार्गे गेलात तर 450 च्या पुढे. विमान हवेत जेमतेम पाऊण तास असतं, पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा जास्त दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही त्यात धरलेलं असतं.

नवखे हमखास फसतात ते घड्याळात. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. तिकिटावर सुटणार 9:00, पोचणार 11:20 असेल, तर प्रवास 1 तास 20 मिनिटांचा. परतताना उलटं: 9:00 ला निघून 9:20 ला पोचता, आणि माणूस म्हणतो वीस मिनिटांत कसं काय! तिकिटावरच्या वेळा नेहमी स्थानिक असतात.

खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा करा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जायला एक तास, तिथे दोन तास आधी, उड्डाण, पासपोर्ट आणि सामानाला तासभर, मग पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाहून आरईआर बी या लोकल गाडीने शहरातलं गार द्यु नॉर स्टेशन. झाले की सहा तास! लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून युरोस्टार ही बोगद्यातून जाणारी रेल्वे सव्वादोन-अडीच तासांत थेट तिथेच सोडते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी मात्र लंडनलाच होते, म्हणून तास-दीड तास आधी पोचा.

स्वस्त तिकिटावर 'पॅरिस बोव्हे' दिसलं तर थांबा, तो विमानतळ शहरापासून 80 किलोमीटरहून लांब आहे. आणि भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) वेगळा, ब्रिटनचा वेगळा. परत लंडनला यायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेशाला चालतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा.