थर्मोस्टॅट काढून जीप थंड होत नाही

चैत्र संपत आला की खानदेशातल्या जीपवाल्यांकडून येणाऱ्या निम्म्या प्रश्नांत ‘गाडी तापते’ हेच असतं. यंदाही तेच. त्याआधी दोन छोटे प्रश्न संपवतो.

प्रश्न (धडगाव): पावसाळ्यात चिखलासाठी फोर बाय फोर टाकतो. डांबरी रस्त्यावरही तसंच ठेवलं तर चालेल का?

नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) गिअरवर येतो.

प्रश्न (पारोळा): मिलिटरीची जीप स्वस्तात देतो म्हणून मोबाईलवर फोटो आले आहेत. ॲडव्हान्स मागतात. पाठवू का?

पाठवू नका. गाडी डोळ्यांनी बघा, चेसिस नंबर कागदाशी जुळवा आणि पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, पासिंग होईल का.

प्रश्न (यावल): माझी एमएम ५४० (महिंद्राची डिझेल जीप) दुपारी पाणी उकळते. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर गळत होता म्हणून हळद टाकली. तरी फरक नाही. आता काय बदलू?

आधी सल्लागार बदला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप. तो इंजिन तापवत नाही, योग्य तापमानावर धरून ठेवतो. तो साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. काढला की पौषातल्या सकाळी इंजिन गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं. आणि ज्या इंजिनात बायपास आहे, तिथे काही गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे ऐन वैशाखात उलटाच परिणाम. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून गरम करा. उघडला तर चांगला, नाही उघडला तर नवा घ्या.

हळदीबद्दल काय बोलावं! ती भोक बुजवते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. त्यात तुम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं असणार. केळीच्या ठिबकच्या नळ्या क्षारांनी बुजतात हे यावलकराला मी सांगायला नको. रेडिएटरचं तेच होतं. फरशीच्या ॲसिडने धुतो म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका, ते ॲसिड क्षाराबरोबर धातूही खातं.

रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्या. बाहेरच्या जाळीतली धूळ आणि कापसाचा भुरा काढा. फॅनचा पट्टा, फॅनभोवतीचं कव्हर आणि रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग तपासा. मग नामांकित कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्यात. सुट्या बाटलीतलं हिरवं पाणी कूलंट नसतं, रंग असतो. इतकं करूनही रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय धरा आणि प्रेशर टेस्ट करणाऱ्या वर्कशॉपला दाखवा.

काटा लाल पट्ट्यात गेला की थांबायचं. ‘गाव आलंच’ म्हणत पुढे रेटलं की हेड वाकतं. गरम असताना झाकण उघडू नका, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

प्रश्न (नवापूर): ५०-६० च्या वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरतं. दुकानदार स्टिअरिंग डॅम्पर बसवा म्हणतो.

त्याला डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा शॉकअप, विकायचा आहे. झिजलेला भाग त्याने झाकला जातो, दुरुस्त होत नाही. टायर, व्हील बेअरिंग, टाय रॉड एंड, किंग पिन बेअरिंग आणि पाट्यांचे बुश, या क्रमाने चाक जॅकवर उचलून हलवून बघायला सांगा. किंग पिनच्या शिम (पातळ चकत्या) अंदाजाने घालत नाहीत, जाणकाराकडूनच बसवा.

प्रश्न (चाळीसगाव): कन्नड घाटात ब्रेकचं पेडल खाली जातं, दोनदा दाबलं की लागतं. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंग आहे, तेव्हा दाखवू का?

पुढच्या महिन्यात? आज गाडी उभी करा. ब्रेक लायनरची सेटिंग ढिली असेल, लाइनमध्ये हवा असेल किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले असतील. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओल शिरते, लांब उतारावर ते उकळतं आणि मग दहादा दाबूनही ब्रेक लागत नाही. वर्कशॉपलाही चालवत नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.