प्राप्तिकर रिटर्न स्वतः भरू, की सीएकडे देऊ?

जून उजाडला की पगारदारांकडून एकच भीती ऐकू येते: "स्वतः भरलं आणि चुकलं, तर नोटीस येईल." माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या पुण्यातल्या एका आयटी कर्मचारी ताईंचीही हीच होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) 2024-25 या आर्थिक वर्षात त्यांनी ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली होती.

"सीएकडे दिलं की माझी जबाबदारी संपली ना?"

"पडताळणीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?"

"माझ्या."

"आणि नोटीस?"

त्या गप्प झाल्या. भीती समजावून जात नाही, कागद समोर ठेवले की तिचा आकार कळतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढच्या भेटीला दोन्ही कंपन्यांचे फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), 26एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराची नोंद) आणि एआयएस (प्राप्तिकर विभागाकडची आपल्या उत्पन्नाची वार्षिक नोंद) आणायला सांगितलं.

कागद शेजारी-शेजारी मांडले आणि दहा मिनिटांत त्यांनीच बोट ठेवलं. "दोन्ही कंपन्यांनी 75 हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम, दिलीय! ती तर एकदाच मिळते."

इथून पुढे त्या स्वतःच हिशेब करत गेल्या. पहिल्या नोकरीचे सहा महिन्यांचे 6 लाख, टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला कर, 35,750. दुसरीकडचे 6.5 लाख, टीडीएस शून्य, कारण आधीच्या पगाराची माहिती देणारा फॉर्म 12बी त्यांनी दिलाच नव्हता. नव्या कंपनीने स्वतःपुरतं पाहिलं आणि रक्कम करसवलतीत बसली. एकूण 12.5 लाखांतून एकच वजावट घेतली की करपात्र 11.75 लाख, नव्या करपद्धतीने उपकरासह कर 79,300. म्हणजे 43,550 भरणं बाकी, वर व्याज.

"आणि फक्त दुसरा फॉर्म 16 भरला असता तर?"

त्यांनी आकडे पुन्हा पाहिले. "मग 26एएसमधला 35,750 टीडीएस सगळा परतावा म्हणूनच दिसला असता."

नोटीस येते ती अशा रिटर्नवर. एआयएसमध्ये दोन्ही पगार असतात आणि रिटर्नमध्ये एकच. सीएच्या हातात एकच फॉर्म 16 पडला, तर त्याच्याकडूनही हेच होऊ शकतं. प्रश्न कोण भरतो याचा नव्हताच, आपलं उत्पन्न कुठून कुठून येतं हे आपल्याला ठाऊक आहे का, याचा होता. ते त्यांना उमगलं, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

पगार, एक घर, बँकेचं व्याज, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत: एवढंच असेल तर आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म स्वतः भरा. आधी एआयएस जुळवा, बाकी कर प्राप्तिकर पोर्टलवरच्या 'ई-पे टॅक्स'मधून स्वयंनिर्धारण कर म्हणून भरा, मग रिटर्न सादर करा आणि 30 दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. हा शेवटचा टप्पा बरेच जण विसरतात, आणि मग वेळेत भरलेलं रिटर्नही ग्राह्य धरलं जात नाही.

फ्रीलान्सिंग किंवा व्यवसाय, एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार), घराची विक्री, परदेशी शेअर, अनिवासी दर्जा यांपैकी काही असेल तर सीएचे पैसे वाचवू नका.

ताईंनी स्वतःचं रिटर्न स्वतः भरलं. यजमानांकडे मात्र अमेरिकी कंपनीचे शेअर होते. ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात आणि तिथला हिशेब एप्रिल-मार्च नव्हे, जानेवारी-डिसेंबर असतो. त्यांची फाइल ताईंनी सीएकडे नेली, सोबत ब्रोकरचं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट आणि सहा प्रश्नांची यादी घेऊन.